तलवारीला म्यान, करवतीला चिंधी

सकाळच्या लोकलमध्ये सुतार चढला की त्याच्याआधी त्याची पिशवी ओळखू येते. गोणपाट कापून शिवलेली, खांद्याला जाड पट्टा, आत रंधा, पटाशा, हातोडी, गुण्या. तिरपी घालूनही करवत पुरती मावत नाही, म्हणून मूठ आणि वीतभर पाते बाहेर, आणि त्या पात्यावर जुन्या लुंगीची चिंधी गुंडाळून सुतळीचे चार वेढे. गर्दी वाढते तशी शेजारची माणसे अंग चोरतात. सुतार स्वतः एक हात मुठीवर ठेवून उभा असतो. त्याचा भरवसा चिंधीवर नसतो, हातावर असतो.

आपल्याकडे तलवारीला म्यान आहे, कट्यारीला आहे, अडकित्त्यालासुद्धा चंचीत स्वतःचा कप्पा आहे. रोज घराबाहेर पडणाऱ्या करवतीच्या आच्छादनाला मात्र मराठीत रुळलेला शब्दही नाही. दुकानदार ‘कव्हर’ म्हणतो आणि बहुतेक वेळा ते संपलेले असते. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सोडवायला बसले की त्यात धातू, लाकूड, चामडे, पावसाळा आणि माणसाचा आळस अशा सगळ्यांचा हिशेब करावा लागतो. ठिकठिकाणच्या कामकऱ्यांनी या हिशेबाची जी उत्तरे काढली, त्यांचा हा आढावा.

एक धार नव्हे, पावणेदोनशे टोके

सुरीची धार ही एक अखंड रेघ असते. करवतीची धार म्हणजे टोकांची ओळ. घरकामाच्या २२ इंची करवतीला इंचामागे ८ दाते धरले तर १७६ टोके होतात. ती एका रेषेतही नसतात. एक दाता किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे झुकवलेला असतो. त्यामुळे काप पात्यापेक्षा थोडा रुंद पडतो आणि पाते लाकडात चिमटत नाही. ही युक्ती फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनेही दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना वाकवतात आणि त्यामुळे भुसा बाहेर पडतो, अशी नोंद केली आहे. पाते ०.९ मिलिमीटर जाडीचे असेल, तर काप साधारण १.३ मिलिमीटरचा पडतो. हा फरक नखाएवढाही नाही, पण म्यानाचे सगळे गणित तोच बिघडवतो.

कारण सुरीचे म्यान पात्याला आवळून धरते आणि त्याच आवळण्यावर सुरी टिकते. करवतीला तसे आवळले तर बाजूला झुकलेली टोके आत-बाहेर होताना म्यानाला आतून कानशीसारखी खरवडत राहतात. चामड्याचे घट्ट म्यान थोड्याच दिवसांत आतून झिजते, मग सैल होते, आणि सैल म्यानातून करवत निसटते. सुरीच्या म्यानाची नक्कल करून करवतीचे म्यान होत नाही, ते यामुळे.

जखमही वेगळी असते. सुरीने कापलेल्या जखमेच्या कडा सरळ असतात आणि लवकर जुळतात. करवतीने जखम फाटते, कडा चिंधाळतात, आत भुसा आणि गंजाचे कण राहतात. ती वाहत्या पाण्याखाली धुवायला वेळ लागतो आणि धनुर्वाताच्या लशीची आठवण ठेवावी लागते.

पात्याचा आकार हा तिसरा मुद्दा. मुठीजवळ ते दीडशे मिलिमीटरच्या आसपास रुंद असते आणि टोकाकडे निमुळते होत पन्नास-साठवर येते. शिवाय ते लवचिक असते. पिशवीत हातोडीखाली दबून महिनाभर वाकडे राहिले तर कायमचे वाकते, आणि वाकडी करवत सरळ कापत नाही. म्हणजे म्यानाने चार गोष्टी सांभाळायच्या: माणसाची कातडी, करवतीचे दाते, पात्याचा सरळपणा आणि पोलादाची चकाकी. पाचवी गोष्ट बहुतेक आराखड्यांत राहून जाते. ती म्हणजे कामकऱ्याचा वेळ. दिवसातून पन्नास वेळा करवत उचलायची आणि ठेवायची असेल, तर जे म्यान घालायला अर्धे मिनिट लागते ते सकाळी निघते आणि संध्याकाळीच परत चढते. मधल्या वेळात करवत उघडी पडलेली असते, आणि पाय पडतो तो याच वेळेत.

खुंटी, पेटी आणि एक गूढ टोचा

पूर्वीच्या लोकांचे कसे भागत होते? बरेचसे उत्तर असे की करवत फार फिरतच नव्हती. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, गाडीची चाके, घराचे वासे, सगळे काम गावातले. करवत भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली असे आणि मुलांचा हात पोहोचणार नाही एवढी खुंटी उंच, हीच सुरक्षितता.

युरोपातल्या सुताराने ही खुंटी पेटीत आणली. इंग्लंडमधल्या चॅटम गावच्या बेंजामिन सीटनने १७९६-९७च्या सुमारास बांधलेली हत्यारांची पेटी आज रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. वडिलांनी त्याला नवी हत्यारे घेऊन दिली आणि त्याने ती ठेवायला पेटी केली. तीत करवतींसाठी वेगळी चौकट आहे. प्रत्येक करवतीला स्वतःची खाच, पाते उभे, दाते एकमेकांना न लागणारे. ही रचना माणसाचा हात वाचवण्यासाठी नव्हती. दात्यांना पटाशीचा धक्का लागू नये म्हणून होती, कारण बोथट झालेल्या करवतीला कानस मारायला बसणे म्हणजे एका संध्याकाळचे काम. दाते जपण्याच्या ओघात हातही जपला जाई.

त्याच काळच्या अनेक पाश्चात्य करवतींवर एक चमत्कारिक खूण दिसते. पाठीच्या कडेवर, टोकाजवळ, एक छोटासा टोचा पुढे आलेला असतो. तो कशासाठी, यावर हत्यारांचे शौकीन अजून भांडतात. एक मत असे की दात्यांवर खाच पाडलेली लाकडी पट्टी चढवून ती दोरीने बांधत आणि दोरी घसरू नये म्हणून ती या टोच्याला अडकवत. फिलाडेल्फियातल्या डिस्टन या प्रसिद्ध करवत कारखान्याने आपल्या पुस्तिकेत हा वाद मोडीत काढला: टोच्याचा व्यवहारात काही उपयोग नाही, पाठीची सरळ रेघ मोडावी म्हणून केलेली ती निव्वळ शोभा आहे. कारखान्याचे म्हणणे मानावेच लागते. तरी दोरीची कथा इतकी वर्षे टिकली, यावरून सुतारांना दोरीची जागा हवीहवीशी वाटत होती एवढे नक्की.

मग गेल्या काही दशकांत करवतच बदलली. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त करवतींचे दाते विजेच्या प्रवर्तनाने झटक्यात तापवून कडक केलेले असतात. टोकांवरची निळसर-काळी छटा ही त्याची खूण. हे दाते साध्या दात्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ तीक्ष्ण राहतात. पण त्यांना कानस लागत नाही, घसरते. बोथट झाली की करवत टाकायची आणि नवी घ्यायची. याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. धार लावायचे कष्ट गेले, तसे दाते जपण्याचे कारणही गेले. नवीन करवतीबरोबर आलेली प्लास्टिकची पट्टी पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते, कारण ती आता कोणाची मेहनत राखत नाही. करवत पूर्वीपेक्षा तीक्ष्ण झाली आणि पूर्वीपेक्षा उघडी झाली.

दोन घराणी

करवत झाकण्याच्या सगळ्या युक्त्या शेवटी दोन घराण्यांत बसतात. एक, सरकते म्यान: करवत टोकाकडून आत शिरते आणि मुठीकडे ओढून बाहेर येते. दुसरे, चढवायची पट्टी: दात्यांच्या ओळीवर खालून बसते आणि खालीच निघते. यातले कोणते घ्यायचे हे आवडीवर नाही, दात्यांच्या दिशेवर ठरते.

आपल्या बाजारातली नेहमीची करवत पुढे ढकलताना कापते. तिचे दाते टोकाकडे झुकलेले असतात. ती म्यानात सारताना दाते पुढे तोंड करून आत शिरतात आणि म्यानाचा तळ कापत जातात. बाहेर काढताना मात्र उलटे घसरत येतात. जपानी करवतीचे सगळे उलट. ती ओढताना कापते, दाते मुठीकडे वळलेले असतात. ती म्यानात सुखाने शिरते आणि काढताना चावते. म्हणून पहिल्या जातीच्या म्यानाची झीज तळाशी आणि टोकाला होते, तर दुसऱ्या जातीत ती तोंडाशी होते. एकाच नमुन्याचे म्यान दोन्हींना विकणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो.

या अडचणीवरचे उत्तर तलवारीच्या कारागिरांनी फार आधी काढले होते. जपानी तलवारीच्या म्यानात पाते आपल्या बुडाशी बसवलेल्या धातूच्या कॉलरवर धरलेले असते आणि आत-बाहेर होताना पाठीवर घसरते. धार अधांतरी राहते, लाकडाला शिवत नाही. आपल्याकडच्या तलवारीच्या म्यानालाही तोंडाशी आणि टोकाशी धातूची टोपणे असत, मोहनाळ आणि तहनाळ. कारण म्यान फाटते ते याच दोन जागी. करवतीच्या म्यानाचा पहिला नियम इथूनच घ्यावा: चांगले म्यान दात्यांना शिवतच नाही. ते पात्याच्या सपाट अंगाला आणि पाठीला धरते, आणि दात्यांखाली मोकळी पोकळी ठेवते.

पात्याचा निमुळता आकार इथे मदतीला येतो. म्यानही तसेच निमुळते केले, तर करवत आत जाताना शेवटच्या बोटभर अंतरातच नीट बसते आणि काढताना पहिल्या ओढीत सुटी होते. घासण्याचा प्रवास मीटरभरावरून दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. सरळ पेटीसारख्या म्यानात हा फायदा मिळत नाही.

पट्टीच्या घराण्यात हा प्रश्नच नाही. ती दात्यांच्या रांगेला काटकोनात बसते, त्यामुळे सरकून कापणे होत नाही. बागेतला जुना पाइप लांबीत चिरून दात्यांवर बसवणे हा जगभरचा घरगुती उपाय. आपल्याकडे वायरिंगची केसिंग-पट्टी, काचेच्या कडेला लावायचे रबरी यू-बीडिंग आणि लहान करवतीसाठी कॉलेजच्या स्टिक फायलीची प्लास्टिकची कांडी हे त्याचेच भाऊबंद. करवत फुकटात झाकली जाते आणि दाते नीट राहतात. उणीव एकच: पट्टी सुटी असते. काम सुरू झाले की ती कुठेतरी ठेवली जाते आणि ‘कुठेतरी’ ही जागा संध्याकाळी सापडत नाही.

दोन्ही कडांना दाते असलेल्या जपानी करवतीला, म्हणजे र्‍योबाला, एका पट्टीने भागत नाही. तिला पूर्ण झाकणारी सपाट पिशवीच लागते. उलट, पाठीवर पितळी किंवा लोखंडी कणा असलेल्या सांधेकामाच्या लहान करवतीला पट्टी उत्तम, कारण कण्यामुळे पाते वाकण्याची भीती नसते.

जंगलातले शहाणपण

या विषयात सर्वांत नेटका विचार झाला तो बंद खोलीतल्या सुतारकामात नाही, जंगलात. अमेरिकेत १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव निबिड प्रदेशांत मोटारीवर चालणाऱ्या हत्यारांना साधारणतः मज्जाव केला. त्यामुळे तिथल्या वनखात्याची माणसे पायवाटेवर आडवे पडलेले वृक्ष आजही दोन माणसांच्या लांबलचक करवतीने कापतात. पाच ते सात फूट लांबीचे, लवलवणारे पाते खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा, तर म्यान हा जिवाचा प्रश्न होतो. वॉरेन मिलर या वनखात्यातल्या जाणकाराने लिहिलेली या करवतींची पुस्तिका १९७७ साली मोंटानातल्या मिझूला इथल्या वनखात्याच्याच केंद्राने काढली आणि ती अजून वापरात आहे.

तिथे रुळलेला उपाय म्हणजे आगीच्या बंबाचा निकामी झालेला, आतून रबर असलेला होज. तो लांबीत चिरायचा, दात्यांवर चढवायचा आणि दोरीने किंवा चिकटपट्ट्यांनी बांधायचा. होज दाते सहज कापू शकत नाहीत, आणि तो फुकट मिळतो. पण त्याला जोडलेली पथ्ये होजइतकीच महत्त्वाची आहेत. खांद्यावर करवत घेताना दाते मानेपासून बाहेरच्या बाजूला ठेवायचे. मागच्या-पुढच्या माणसात अंतर राखायचे. मुक्कामी पोहोचल्यावर होज काढून करवत सरळ टांगायची, कारण होजमध्ये ओल कोंडते आणि वाकवून ठेवलेले पाते वाकडेच राहते. म्यान हे प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नसते, हा यातला खरा धडा आहे.

झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्यांची अडचण निराळी. त्यांना करवत एका हाताने काढून, एका हाताने परत घालता आली पाहिजे. दुसरा हात फांदीवर किंवा दोरावर असतो. त्यांच्यासाठी निघालेल्या प्लास्टिकच्या म्यानांत बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आहेत. तोंडाशी छोटे रूळ असतात, ते पाते धरतात आणि घासू देत नाहीत. तोंड पन्हळीसारखे पसरट असते, म्हणजे न बघता करवत आत जाते. तळ थोडा उघडा असतो, तिथून भुसा आणि पावसाचे पाणी गळून जाते. कमरेला एक आणि पोटरीला किंवा मांडीला एक असे दोन पट्टे असतात, म्हणजे चढताना म्यान लोंबकळत नाही. या करवती साधारणतः ३०० ते ४०० मिलिमीटरच्या आणि ओढून कापणाऱ्या असतात. ५५० मिलिमीटरची सुतारी करवत अशी पायाला बांधली, तर माणसाला धड बसता येणार नाही.

कोकणात नारळाच्या झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला मागे आकडी असते आणि आकडीत कोयता. म्यान नाही, झाकण नाही, तरी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. कारण कोयत्याला धार एकाच अंगाला, वजन पुढे, आणि टांगल्यावर तो स्वतःच्या भाराने एका ठरावीक बाजूला वळून राहतो. करवत आकडीला अडकवली तर ती भिंगरीसारखी फिरते आणि दाते लुंगीत अडकतात. पण आकडीतला एक गुण उचलण्यासारखा आहे: कोयता हातातून सुटला की त्याची जागा ठरलेली, आणि ती जागा माणसाच्या अंगावरच. हापूसच्या जुन्या उंच बागा छाटून पुन्हा फळत्या करण्याचे काम कोकणात वाढले आहे. त्यासाठी झाडावर करवत नेणाऱ्याला हाच गुण हवा, अधिक झाकण.

कशाचे करावे

सामग्रीची निवड करताना बहुतेकजण टिकाऊपणा पाहतात. आधी पाहायला हवे ते पोलादाशी तिचे नाते.

चामडे सर्वांत देखणे आणि इथे सर्वांत घातकी. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, ते याच जातीचे. टॅनिन, ओल आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो. जुन्या दौतीतली हिरडा-हिराकसाची शाई याच रसायनाने काळी होत असे. म्हणजे पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवलेली करवत स्वतःच शाई करत बसते. चामडे वापरायचेच, तर वाहून नेण्यापुरते. आणि दात्यांच्या बाजूला आत जाड पट्टी शिवून, नाहीतर दाते आधी टाका कापतात.

लाकडाचेही असेच. ओकमध्ये टॅनिन आणि आम्ल भरपूर, त्यात लोखंड गंजते. सागात ही खोड नाही, उलट त्यातले तेल लोखंडाला मानवते. जहाजे बांधताना या फरकाला मोठी किंमत होती. मुंबईच्या वाडिया गोदीत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. सुताराच्या पायाशी सागाचे तुकडे रोज पडलेले असतात. त्याने म्यानासाठी दुसरीकडे पाहू नये. खैर आणि बाभूळ टाळावी. जपानी कारागीर म्यानाला मॅग्नोलियाच्या जातीचे मऊ लाकूड घेतात आणि दोन फाळके भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे गरज पडली तर उकलून आतून साफ करता येते. आपल्याकडे त्या जागी चार स्क्रू चालतील.

कापड आणि फेल्ट ओल धरून ठेवतात, मेणकापड बरे. पीव्हीसी पाइप साधारण ८० अंशांना मऊ पडतो, त्यामुळे गरम पाण्यात किंवा हीटगनने तापवून दोन फळ्यांत दाबला की त्याचे चपटे म्यान होते. ते पाण्याला घाबरत नाही, पण मोटारीच्या डिकीत मे महिन्यात आकार सोडू शकते. कायडेक्स या प्लास्टिकचे पत्रे पिस्तूल आणि सुरीच्या म्यानांत लोकप्रिय आहेत. करवतीला ते जरा जास्तच कडक, आणि त्यात अडकलेला वाळूचा कण पात्यावर ओरखडे काढत राहतो. पुठ्ठा आणि चिकटपट्टी कोरड्या दिवसांत चालते, पहिल्या सरीत लगदा होतो.

आणि गंज. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडे पोलाद झपाट्याने गंजू लागते. कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याखाली क्वचितच येते, वर खारी हवा. या दिवसांत म्यान जितके घट्ट बंद, तितके वाईट. पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. जवसाचे तेल सुकून चिकट थर होते, खोबरेल थंडीत थिजते. म्यानाला वारा लागेल अशी फट ठेवावी.

बावीस इंची करवतीचे म्यान

आता हे सगळे एका करवतीवर उतरवून पाहू. पुढे ढकलून कापणारी, २२ इंची, म्हणजे साधारण ५५० मिलिमीटर लांब दात्यांची ओळ असलेली करवत. ती पिशवीतून न्यायची आहे, दिवसभर सुताराच्या हाताखाली राहायची आहे. सरकते म्यान इथे फार लांब होईल आणि दाते तळ खातील, म्हणून पट्टी.

सागाची २५ बाय २० मिलिमीटरची, ५७५ मिलिमीटर लांब काठी घ्यावी. तिच्या अरुंद बाजूत मधोमध, पूर्ण लांबीभर, १२ मिलिमीटर खोल खाच त्याच करवतीने पाडावी. इथे एक गंमत आहे. करवतीने स्वतः पाडलेली खाच तिच्या झुकलेल्या दात्यांना नेमकी पुरते आणि पात्याला किंचित सैल होते. मापे घ्यायची गरज नाही. करवत आपले म्यान आपणच मापून देते. टोकाकडचा २० मिलिमीटर भाग लाकडाच्या तुकड्याने बुजवावा, म्हणजे टोक पिशवीच्या तळातून डोकावणार नाही. मुठीकडची बाजू उघडी ठेवावी. खाचेच्या वरच्या कडा कानशीने गोल कराव्यात, म्हणजे घाईतही दाते खाचेत शिरतात.

पट्टी धरून ठेवायला सायकलची जुनी ट्यूब आडवी कापून केलेली दोन कडी पुरतात, एक टोकाशी, एक मुठीकडे. ती पात्याच्या पाठीवरून ताणून बसतात आणि एका अंगठ्याने निघतात. चुंबक लावण्याचा मोह होईल. पण सुताराच्या पिशवीत चुंबक म्हणजे लोखंडाचा कीस आणि वाकडे खिळे गोळा करणारा नोकर.

म्यान झाले की चार परीक्षा घ्याव्यात. करवत उलटी धरून जोरात हलवावी. पट्टी निघता कामा नये. गुडघ्याच्या उंचीवरून टोकावर पाडावी. टोक बाहेर येता कामा नये. वीस वेळा काढून-घालून खाचेत पाहावे. ताजा भुसा दिसला तर दाते घासत आहेत. आणि एका पावसाळी रात्री तसेच ठेवून सकाळी पात्यावर बोट फिरवावे. या चौथ्या परीक्षेत बाजारातली पुष्कळ म्यानेही नापास होतील.

आठवणीवर न चालणारे

तरीही एक प्रश्न उरतो, आणि कोणत्याही सामग्रीने तो सुटत नाही. म्यान घालायचे लक्षात ठेवावे लागते. विजेच्या गोल करवतीला खालून स्प्रिंगचे झाकण असते. लाकडात शिरताना ते मागे सरते आणि बाहेर येताच आपोआप मिटते. माणसाच्या आठवणीवर तिथे काही सोडलेले नाही. हातकरवतीत याच्या जवळ जाते ती घडीची करवत. तिची मूठ हेच तिचे म्यान. घडी न करता ती खिशात जातच नाही. बागकामाला, भटकंतीला ती पुरेशी आहे. पण पाते मुठीएवढेच राहते, आणि खिळखिळ्या सांध्यावर दरवाज्याची चौकट सरळ कापता येत नाही. मोठ्या सुतारी करवतीसाठी आपोआप मिटणारे झाकण नेहमीच्या बाजारात दिसत नाही. हे काम मोकळे पडलेले आहे, आणि ते करायला मोठी प्रयोगशाळा लागणार नाही.

तोवर निदान एवढे करता येते. विसरण्याची जागा कुठे आहे ते ओळखावे. पट्टी हरवते ती काम चालू असताना, म्हणजे ती करवतीपासून सुटलेली असताना. करवतीच्या मुठीला आधीच एक मोठे भोक असते, ज्यात बोटे जातात. तिच्या वरच्या कोपऱ्यात ५ मिलिमीटरचे आणखी एक पाडावे. पट्टीच्या मुठीकडच्या टोकाला तसेच दुसरे. आणि दोन्हींत हातभर मजबूत दोरी. काम करताना दोरी अडचण करते म्हणाल, तर ती मुठीकडून सोडून कमरेला बांधावी, कोकणातल्या आकडीसारखी. पट्टीची जागा अंगावर ठरली की झाले.

जुन्या करवतींवरचा तो टोचा दोरीसाठी नव्हता, हे कारखान्याने सांगितलेच आहे. पण ज्या सुतारांनी ती कथा इतकी वर्षे जपली, त्यांना आपल्या कामातली खरी अडचण कळली होती. दात्यांवर काय चढवायचे याची उत्तरे ढीगभर आहेत. चढवायची वस्तू वेळेवर हाताशी असावी, याचे उत्तर दोरीच. लोकलमधल्या त्या सुताराच्या पिशवीवरही सुतळी होतीच. चिंधीच्या जागी सागाची काठी आली आणि सुतळीचे एक टोक मुठीला बांधले गेले, तर त्याचा मुठीवरचा हात वरचा दांडा धरायला मोकळा होईल.